बॅलेला निघण्यापूर्वी: पाय दिसतात का, ते आधी विचारा

गेल्या वर्षी मार्चमध्ये आईला तिच्या आयुष्यातला पहिला बॅले दाखवायला नेलं आणि तो तिला दिसलाच नाही. गाडी बंद पडली नाही, तिकिटं घरी राहिली नाहीत, कुणाला उलटी झाली नाही. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसलो होतो, आणि दोन तास आम्हाला नाचणाऱ्यांचे पाय दिसले नाहीत. घोट्याच्या वर सगळं व्यवस्थित. मध्यंतरात आई म्हणाली, "अरे, अंगठ्यावर उभ्या राहतात म्हणालास ना? मग अंगठे कुठायत?" पैसे घालवून शहाण्या झालेल्या माणसाची ही यादी आहे.

आम्ही राहतो पिओरियाला, इलिनॉयच्या मधोमध. कॅटरपिलर या अवजड यंत्रांच्या कंपनीतल्या कामामुळे इथे आलेली आमच्यासारखी मराठी घरं बरीच आहेत. जुन्या व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या विविधरंगी करमणुकीच्या काळापासून अमेरिकेत एक प्रश्न विचारतात, "हे पिओरियात चालेल का?" म्हणजे सामान्य माणसाला रुचेल का. बॅलेवाल्यांनी तो प्रश्न फारसा मनावर घेतलेला नाही. नाताळात होणारा नटक्रॅकर हा बॅले सोडला तर आपल्यालाच गाडी काढावी लागते.

तेव्हा पहिलं काम नकाशाचं. घराभोवती तीन तासांचं वर्तुळ काढा आणि त्यात शहरं शोधू नका, विद्यापीठं शोधा. मोठ्या शहरांबाहेर इथला चांगला नाच बराचसा विद्यापीठांच्या नाट्यगृहांत होतो, कारण बाहेरच्या कंपन्यांना बोलावण्याएवढी इमारत आणि पैसा दोन्ही तिथेच असतात. आमचं नशीब म्हणजे आय-७४ हा एकच रस्ता. पूर्वेला दीड तासावर अर्बाना, तिथे इलिनॉय विद्यापीठाचं क्रॅनर्ट सेंटर, १९६९ सालचं, एका छपराखाली अनेक रंगमंच. पश्चिमेला मिसिसिपी ओलांडून आय-८० धरली की सव्वादोन-अडीच तासांत आयोवा सिटी, तिथलं हँचर हे विद्यापीठाचं नाट्यगृह. जुनं हँचर २००८च्या पुरात गेलं, नवं २०१६त उघडलं आणि त्याच डिसेंबरात शिकागोच्या जॉफ्री बॅलेने आपला नवा नटक्रॅकर शिकागोच्याही आधी तिथे केला. शेतांच्या मधोमध असलेल्या गावात! मी तेव्हा पिओरियातच होतो आणि मला पत्ताही नव्हता, कारण मी फक्त शिकागोकडे डोळे लावून बसलो होतो.

तिसरं ठिकाण लांबचं, पण माझं सगळ्यात आवडतं: इंडियाना विद्यापीठ, ब्लूमिंग्टन. सव्वाचार तास. संगीतशाळेचाच बॅले विभाग, वर्षाला साधारण तीन कार्यक्रम (शरद, नटक्रॅकर, वसंत), आणि बहुतेक वेळा रंगमंचासमोर वादकांसाठी केलेल्या खड्ड्यात विद्यार्थ्यांचा खराखुरा वाद्यवृंद. न्यूयॉर्क सिटी बॅलेतल्या व्हायोलेट व्हर्डी तिथे १९९६पासून शिकवत होत्या, २०१६त त्या गेल्या तोपर्यंत. विद्यार्थ्यांचं म्हणून नाक मुरडू नका. पुढे हीच मुलं मोठ्या कंपन्यांत जातात. दोन सूचना मात्र. ब्लूमिंग्टन दोन आहेत. आपल्या शेजारचं इलिनॉयमधलं, ते हे नव्हे. आणि इंडियानाचं घड्याळ आपल्यापुढे एक तास आहे. दोनला कार्यक्रम म्हणजे आपल्या एकला. हसू नका, माझ्या ओळखीतलं एक कुटुंब नेमकं पहिला अंक संपताना पोचलं होतं.

आणि शिकागो. पावणेतीन तास. जॉफ्रीबद्दल एक सांगायलाच हवं. १९५६ साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा सहा नर्तक, एक उसनी गाडी आणि मागे भाड्याचा ट्रेलर, एवढाच संसार होता. गावोगाव फिरून खेळ करायचे. संस्थापक रॉबर्ट जॉफ्री स्वतः न्यूयॉर्कला राहून शिकवण्या करायचे आणि त्यातून नर्तकांचे पगार निघायचे. आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांचं बिऱ्हाड आठवतं. १९९५ला ते शिकागोत स्थिरावले, २०२१पासून लिरिक ऑपेराच्या इमारतीत नाचतात. त्यांचा नटक्रॅकर १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामावर घडतो; नायिका एका स्थलांतरित शिल्पकार बाईची मुलगी. विवेकानंद बोलले ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, हे आईला सांगितल्यावर तिचा बॅलेबद्दलचा संशय निम्मा गेला.

गावातल्या बॅले शाळेचा नटक्रॅकर टाळू नका. आपली मुलगी त्यात उंदराच्या भूमिकेत नसली तरी बघा. अशा खेळांना शुगर प्लम परी (त्यातली मुख्य नर्तकी) आणि तिचा जोडीदार म्हणून बऱ्याचदा व्यावसायिक कंपनीतले पाहुणे आणतात. पाहुण्यांची नावं आणि त्यांची कंपनी वाचा, मग ठरवा. शाळेच्या सभागृहात खुर्च्या सपाट जमिनीवर मांडलेल्या असतील तर... हो, तेच. पाय.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या त्या खेळाचं नाव हंस सरोवर, म्हणजे स्वान लेक. बसमधून गावोगाव फिरणारी कंपनी, एका छोट्या गावातलं जुनं नगर सभागृह. मी सांगलीचा. भावे नाट्यमंदिरात वाढलेल्या माणसाला पहिली रांग म्हणजे मान. तिसऱ्या रांगेसाठी वशिला लावलेला मी पाहिलाय. नाटकात ते बरोबरच आहे, तिथे चेहरा वाचायचा असतो, नटाचा घाम दिसायला हवा. म्हणून इथेही पहिली रांग घेतली, जास्तीचे डॉलर मोजून. सभागृहाची जमीन सपाट, रंगमंच माझ्या हनुवटीच्या वर. दुसऱ्या अंकात चार छोट्या हंसिनींचा नाच येतो, एकमेकींच्या हातांत हात गुंफून एका ओळीत, सगळी करामत पायांची, सोळा एकसारख्या उड्या. आम्हाला काय दिसलं? चार डोकी, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. पुढे काळ्या हंसिनीच्या बत्तीस गिरक्या येतात, एका पायाच्या टोकावर उभं राहून. आम्ही एक बाई फिरताना पाहिली. खाली चाकं असती तरी कळलं नसतं.

आणि हे आपल्याकडच्या नाचासारखं नाही, हे लक्षात घ्या. कथकात तत्कार चालू असताना समोर खांब आला तरी घुंगरू सगळं सांगतात. लावणीतही तेच. बॅलेचा पाय मुका असतो. आवाज येऊ नये म्हणून त्या मुली नवे बूट फरशीवर आपटून आपटून मऊ करतात. दिसला नाही की संपलं, कान मदतीला येत नाहीत.

म्हणून तिकीट काढण्याआधी नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीला फोन करा. ईमेल नको, फोन. तीन प्रश्न विचारा. खुर्च्यांना उतार आहे की जमीन सपाट? या रांगेतून नाचणाऱ्यांची पावलं दिसतात का? वाद्यवृंदाचा खड्डा उघडा असणार की झाकलेला? तिसरा प्रश्न पहिल्या दोहोंइतकाच पायांचा आहे. खड्ड्यात वादक बसले असतील तर पहिली रांग आपोआप मागे सरकते आणि नजरेला थोडा कोन मिळतो. संगीत ध्वनिमुद्रित असेल तर खड्डा झाकून टाकतात, कधी त्यावरच जादा खुर्च्या मांडतात, आणि मग आमच्यासारखे लोक रंगमंचाच्या कडेला हनुवटी टेकून बसतात. फिरत्या कंपन्यांचं संगीत बहुधा ध्वनिमुद्रितच असतं. त्याचा राग नाही, पण माहीत असू द्या. इथे माझी आणखी एक फजिती: आसनांच्या नकाशावर 'ऑर्केस्ट्रा' असं लिहिलेलं पाहून मी समजलो की वादक येणार. इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे तळमजल्याच्या खुर्च्या. बस्स.

फोनवरचा माणूस "सगळ्या जागा उत्तम आहेत" म्हणेल. त्याला सोडू नका. पाय, असं स्पष्ट म्हणा.

मग कुठे बसायचं? उताराचं नाट्यगृह असेल तर तळमजल्यावर दहाव्या रांगेच्या मागे, किंवा सरळ पहिली बाल्कनी. वरून पाय तर दिसतातच, शिवाय हंसिनींच्या रांगा कशा जुळतात, वर्तुळं कशी उलगडतात ते फक्त वरूनच कळतं. मोठ्या कंपनीत चोवीस हंसिनी असतात, तो सगळा भूमितीचा खेळ आहे, रांगोळी जमिनीला नाक लावून बघत नाहीत. आणि वरची तिकिटं स्वस्त! हेच मला आधी कुणी सांगितलं असतं तर. लिरिकसारख्या तीन हजारांहून जास्त खुर्च्यांच्या ठिकाणी अगदी वरून मात्र माणसं मुंग्यांएवढी दिसतात, तिथे दुर्बीण हवी. बाल्कनीची पहिली रांग घेताना कठडा आडवा येतो का तेही विचारा. आईची उंची पाच फुटांच्या आत आहे. टोकाच्या बाजूच्या खुर्च्या नकोत, अर्धा रंगमंच कापला जातो.

तिकीट नाट्यगृहाच्या किंवा कंपनीच्याच खिडकीतून. शोधल्यावर सगळ्यात वर जी दुकानं येतात ती बऱ्याचदा पुनर्विक्रीवाली असतात, नाव नाट्यगृहासारखंच, भाव भलताच. पुढच्या हंगामाची घोषणा बहुतेक ठिकाणी वसंतात होते, तेव्हाच तारखा कॅलेंडरमध्ये टाका. उन्हाळ्यात आपल्या भागात फारसं काही नसतं, गणपतीपर्यंत धीर धरा.

पडद्यावरचा बॅले हा पर्याय लोक सुचवतात. लंडनच्या रॉयल बॅलेचे खेळ चित्रपटगृहांत येतात, मीही पाहिलेत. तिथे पाय दिसतात, हे मान्य करतो. पण कॅमेरा ज्याचे दाखवेल त्याचेच. उडी मारून खाली आल्यावरचा श्वास आणि शेजारच्या अनोळखी बाईचं "ओह" हे त्यात नाही.

हवामान. डिसेंबर ते मार्च उघड्या शेतांवरून वारा बर्फ ढकलत येतो आणि पुढची गाडी दिसत नाही. रात्री कार्यक्रम संपवून परत निघू नका. एकतर मुक्काम करा, नाहीतर दुपारचा खेळ घ्या. शिकागोसाठी आमचा उपाय रेल्वे: पिओरियाला स्टेशन नाही, पण नॉर्मल नावाच्या गावापर्यंत पाऊण तास गाडी चालवली की तिथून अ‍ॅमट्रॅकची रेल्वे थेट शिकागोच्या युनियन स्टेशनला. तिथून नदी ओलांडली की लिरिक दहा मिनिटांच्या चालीवर. पार्किंगचा प्रश्नच नाही. परतीची शेवटची गाडी संध्याकाळचीच असते, म्हणून दुपारचाच खेळ. वेळ आदल्या आठवड्यात पुन्हा तपासा.

मुलं: काही ठिकाणी पाच वर्षांखाली घेत नाहीत, आणि मांडीवरच्या बाळालाही तिकीट लागतं. गोष्ट आधी सांगून ठेवा, मुलांना आणि आईवडिलांनाही. संवाद नसतात, आमच्या आईने पहिली वीस मिनिटं "बोलणार कधी?" यात घालवली.

कपडे: काहीही, उबदार. साडी चालते, कौतुकच होतं. स्वेटर आत लागतोच. डबा गाडीत, आत नाही. उशीर केलात तर मध्यंतरापर्यंत दारात उभं ठेवतात. फोन बंद. टाळ्या मधेच वाजवल्या तरी चालतात, घाबरू नका. दुर्बीण. पेट्रोल. बाकी तुम्हाला कळतंच.

यंदा आई ऑक्टोबरात येतेय. अर्बानाची तिकिटं पाहून ठेवलीत, वरच्या मजल्याची. अजून काढलेली नाहीत. खिडकी सोमवारी उघडली की आधी फोन.