मॉडिफाय केलेली टर्बो रोटरी गाडी का तापते: एफडी आरएक्स-७ च्या निदानाची पद्धत

माझदा आरएक्स-७ ची तिसरी पिढी, म्हणजे १९९१ च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीस आलेली आणि २००२ पर्यंत तयार होत राहिलेली एफडी३एस, आज मूळ स्थितीत क्वचितच पाहायला मिळते. बहुतेक गाड्यांत दोन लहान टर्बोंच्या (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंपांच्या) जागी एक मोठा टर्बो, बंपरमागे ही हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, इंजिन नियंत्रित करणारा वेगळा संगणक म्हणजे ईसीयू, आणि वाढवलेला बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, असतो. अशा गाडीचा मालक कधी ना कधी इंजिन तापण्याची तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जातो आणि तिथे त्याला बहुधा मोठा रेडिएटर बसवण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला काही वेळा योग्यही असतो, पण तो निदानाच्या आधी दिलेला असतो, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे. गाडी केव्हा तापते, म्हणजे सिग्नलला उभी असताना, महामार्गावर एकसारख्या वेगाने धावताना की बूस्टमध्ये जोर लावल्यावर, हे आधी नीट नोंदवले तर दोष कोणत्या भागात शोधायचा ते बव्हंशी ठरते. सुटे भाग विकत घेण्याची वेळ त्यानंतरची.

या इंजिनाच्या बाबतीत एवढी काळजी का घ्यायची, हे त्याच्या रचनेवरून कळते. एफडीचे १३बी-आरईडब्ल्यू हे रोटरी इंजिन आहे: त्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात, आणि ६५४ सीसीचे दोन कक्ष आहेत. पिस्टन इंजिनात एकाच जागी थंड हवा आत येते आणि तिथेच ज्वलनही होते. रोटरीत मात्र हवा नेहमी एका बाजूने येते आणि ज्वलन नेहमी दुसऱ्या, स्पार्क प्लगच्या बाजूला होते. त्यामुळे हौसिंगचा, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाचा, एक भाग कायम तापलेला आणि समोरचा तुलनेने थंड राहतो. हौसिंग अॅल्युमिनियमचे, तर त्यांच्या दोन्ही अंगांच्या प्लेटी ओतीव लोखंडाच्या असतात. हे दोन धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नाहीत, आणि त्यांच्यामध्ये कूलंट अडवून धरण्याचे काम रबरी सीलकडे असते. ही सील एकदा जास्त तापून कडक झाली, की पूर्ण इंजिन उतरवून उघडण्यावाचून उपाय राहत नाही. शिवाय रोटर आतून इंजिन ऑइलने थंड होतात, म्हणून उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा ऑइलमार्गे बाहेर पडतो. केवळ पाण्याचे तापमान पाहून केलेले निदान त्यामुळे अपुरे ठरते.

आधी तापमान खरे किती आहे ते पाहा

एफडीच्या डॅशबोर्डवरील मूळ काट्यावर विसंबू नये. तापमानाच्या मोठ्या टप्प्यात तो मध्यावरच स्थिर राहतो, आणि तो वर सरकलेला दिसेपर्यंत इंजिन धोक्याच्या जवळ पोचलेले असते. गाडीत अॅपेक्सीचा पॉवर एफसी हा ईसीयू असेल तर त्याच्या कमांडरवर, म्हणजे छोट्या पडद्यावर, पाण्याचे तापमान आकड्यांत दिसते. नसेल तर स्वतंत्र गेज बसवावे. त्याचा सेन्सर इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या गरम पाण्यात, थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) इंजिनाकडील बाजूला असावा. खालच्या नळीत, म्हणजे रेडिएटरमधून थंड होऊन परतणाऱ्या पाण्यात बसवलेला सेन्सर दिलासा देणारे, पण निरुपयोगी आकडे दाखवतो. एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच मिळते, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे भरपूर दिले तर वाचन चुकते. खात्रीसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरता येतो, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतो. त्या जागी काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजमाप घ्यावे.

मूळ थर्मोस्टॅट सुमारे ८२ अंश सेल्सिअसला उघडू लागतो, त्यामुळे ८५ ते ९५ ही रोजच्या वापरातील निरोगी मर्यादा म्हणता येईल. १०० ओलांडले की कारण शोधायला लागावे, १०५ ला पाय हलका करावा, आणि ११० च्या वर गाडी चालवत राहू नये, असे माझे मत आहे. कूलिंग सिस्टिममध्ये दाब धरून ठेवणाऱ्या ०.९ बारच्या झाकणाखाली शुद्ध पाणी सुमारे ११९ अंशांपर्यंत उकळत नाही हे खरे. पण सील त्याआधीच त्रासात आलेली असतात, आणि प्लगजवळच्या भागातील पाणी सेन्सरजवळच्या पाण्यापेक्षा नेहमीच जास्त गरम असते.

आकडे नोंदवताना बाहेरचे तापमानही लिहून ठेवावे. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर रेडिएटर किती उष्णता फेकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. २५ अंशांच्या दिवशी ९५ वर स्थिरावणारी गाडी तितकाच जोर लावून ४५ अंशांत चालवली तर साधारण ११५ पर्यंत जाईल. दुबई किंवा मस्कतमध्ये अशी गाडी बाळगणाऱ्या मराठी माणसाने जपानमधल्या हिवाळ्यात घेतलेले आकडे प्रमाण मानू नयेत, ते याच कारणाने.

थंड इंजिनावर करायच्या तपासण्या

इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण उघडावे. पाण्याची पातळी कमी असेल तर पाणी कुठे जाते हा पहिला प्रश्न. सुरुवातीच्या एफडीमध्ये हवा वेगळी करणारी प्लास्टिकची छोटी टाकी असते. ती वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होऊन जोडावर चिरते, आणि चीर गरम दाबाखालीच उघडत असल्याने थंड गाडीवर गळती दिसत नाही. म्हणून हातपंपाच्या टेस्टरने सिस्टिममध्ये ०.९ बार दाब भरून तो टिकतो का ते पाहावे. ही टाकी काढून टाकलेली असेल तर दाबाचे झाकण पाणी भरण्याच्या तोंडावर यायला हवे. टाकी शाबूत असेल तर दाबाचे झाकण टाकीवर आणि भरण्याच्या तोंडावर साधे, असा क्रम आहे. ही झाकणे अदलाबदल झालेल्या गाड्या पुष्कळ असतात. जास्त दाबाचे, १.३ बारचे झाकण लावून तापण्याची तक्रार मिटवण्याचा मार्ग मला मान्य नाही. त्याने मूळ दोष तसाच राहतो आणि जुन्या सीलवरचा ताण वाढतो.

पट्टाही याच वेळी पाहावा. एक्झॉस्टमध्ये हवा सोडून प्रदूषण कमी करणारा एअर पंप काढून टाकला की पट्ट्याचा मार्ग बदलतो आणि वॉटर पंपाच्या पुलीला पट्ट्याचा होणारा विळखा कमी होतो. मग जास्त आरपीएमवर पट्टा घसरतो आणि पंप मागे पडतो. पुलीवरील चकाकी आणि काळी भुकटी ही त्याची खूण आहे.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे सद्हेतूने केलेली चूक फार महागात पडते. माझदाच्या मूळ थर्मोस्टॅटला खाली आणखी एक चकती असते. इंजिन थंड असताना पाणी बायपासच्या मार्गाने इंजिनातच फिरते. तापल्यावर थर्मोस्टॅट उघडतो आणि त्याच वेळी ही चकती बायपासचे भोक बंद करते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकला, किंवा खालची चकती नसलेला दुसऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट बसवला, तर बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा मोठा भाग रेडिएटर टाळून इंजिनात परततो. गाडी आणखी तापते आणि संशय रेडिएटरवर जातो. म्हणून रेडिएटर बदलण्याआधी थर्मोस्टॅट बाहेर काढून पाहावा, गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर ठेवून तो कितीला उघडतो ते तपासावे, आणि शंका असल्यास मूळ बनावटीचाच नवा बसवावा.

पाणी पुन्हा भरताना गाडीचे नाक उंच करावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू द्यावे. टर्बोला पाणी नेणाऱ्या नळ्या नव्याने टाकल्या असतील तर त्यांच्या उंचवट्यात हवा अडकते. कूलंटचे प्रमाणही पाहावे: कूलंटमधील ग्लायकोलपेक्षा पाणी उष्णता चांगली वाहून नेते, त्यामुळे जिथे बर्फ पडत नाही तिथे निम्म्याऐवजी ३० टक्के कूलंट आणि उरलेले डिस्टिल्ड पाणी पुरते.

उभ्या गाडीत तापते, वेगात थंड होते

अशा वेळी दोष बहुतेक पंख्यांकडे असतो. एफडीचे मूळ पंखे फार उशिरा, १०५ अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर चालू होतात. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये मूळ गाडीसुद्धा तापलेली दिसते. सोपी चाचणी अशी: तापमान वाढू लागताच एसी चालू करावा, म्हणजे पंखे लगेच फिरतात. एसीच्या कंडेन्सरची जादा उष्णता असूनही तापमान उतरले तर पंखे सक्षम आहेत, फक्त उशिरा चालू होतात. लवकर चालू होणारा थर्मोस्विच (तापमानावर पंखे चालू करणारा स्विच) किंवा ईसीयूतील सेटिंग एवढ्याने काम होते. दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ चा थर्मोस्विच यासाठी पुष्कळ जण वापरतात. तापमान उतरले नाही तर इंजिन चालू असताना पंख्याच्या कनेक्टरवरच व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १३.८ आणि पंख्यावर ११.५ असेल तर वायर बारीक आहे किंवा रिले खराब आहे. नव्याने जोडलेला पंखा उलटा फिरत नाही ना, हे रेडिएटरच्या पुढे कागद धरून पाहावे. कागद जाळीला चिकटायला हवा. मूळ आवरण काढून थेट रेडिएटरवर बांधलेले पातळ पंखे आपल्या वर्तुळापुरतीच हवा खेचतात, उरलेली जाळी निष्क्रिय राहते.

वेगात तापते, उभी असताना ठीक असते

आता पंखे बाजूला ठेवावेत, कारण वेगात त्यांची गरजच नसते. इथे प्रश्न हवेच्या मार्गाचा किंवा पाण्याच्या प्रवाहाचा असतो, आणि हे दोन्ही वेगळे करता येतात. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीचे तापमान एकाच वेळी मोजावे. पाणी तापलेले आहे, पण दोन नळ्यांतील फरक अगदी थोडा आहे, तर पाणी जोरात फिरत असूनही रेडिएटर उष्णता सोडत नाही: हवा पोचत नाही किंवा जाळी घाण व वाकलेली आहे. फरक खूप मोठा असेल तर हवा पुरेशी आहे, पाणीच कमी फिरते: पट्टा, पंप, थर्मोस्टॅट, आतून बुजलेल्या नळ्या किंवा पंपाच्या ओढीने आत चेपणारी खालची नळी तपासावी.

मॉडिफाय केलेल्या गाडीत मी आधी हवेचा मार्ग पाहतो. माझदाने एफडीच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत बंदिस्त मार्ग दिला होता आणि खाली प्लास्टिकचा ट्रे होता. ट्रे तुटून गेलेला असेल, बाजूची पॅनेल इंटरकूलरच्या पाइपांसाठी कापलेली असतील, तर हवा सोपी वाट धरून रेडिएटरभोवतून निसटते. बंपरमागच्या मोठ्या इंटरकूलरमधून तापलेली हवा मागे रेडिएटरवर येते हा आणखी एक तोटा. इंटरकूलर आणि रेडिएटर तिरके ठेवून दोघांना वेगळी हवा देणारी व्ही-माउंट मांडणी त्यासाठीच लोकप्रिय झाली. रेडिएटरच्या चारही कडांच्या फटी फोमने बंद करणे हे स्वस्तातले काम आहे आणि त्याचा परिणाम पुष्कळदा नव्या रेडिएटरइतका होतो. बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलू नये: काचेच्या पायथ्याशी वेगात दाब जास्त असतो, त्यामुळे गरम हवा बाहेर जाण्याऐवजी बाहेरची हवा आत शिरू शकते.

फक्त जोर लावल्यावर तापते

जास्त इंधन जाळले की जास्त उष्णता येणारच. कारखान्यातून २५५ अश्वशक्तीसह निघालेल्या गाडीकडून ४०० घेतली तर ट्रॅकवरच्या सलग फेऱ्यांत मूळ रेडिएटर कमी पडेल, आणि इथे मोठ्या रेडिएटरचा सल्ला खरोखर योग्य आहे. पण त्याआधी ट्यूनिंग पाहावे. इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सुरक्षिततेसाठी गरजेपेक्षा मागे ठेवलेले असेल तर ज्वलन उशिरा संपते, एक्झॉस्ट पोर्टचा परिसर जास्त तापतो आणि ती उष्णता पाण्यात उतरते. साध्या क्रूझिंगमध्येही याने तापमान काही अंश वर राहते. एक्झॉस्टमधील धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बुजलेला असेल तर तोही असाच परिणाम करतो.

ऑइलचे तापमान इथे निर्णायक ठरते. ते ११० च्या वर जात असेल तर पाणी ऑइलचा भार वाहते आहे असे समजावे. काही एफडींना एकच ऑइल कूलर होता, आर१ सारख्या आवृत्त्यांना दोन. दुसरा कूलर बसवणे हा रोटरीवरचा माझ्या दृष्टीने सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. कूलरसमोरची आणि मागची हवेची वाट मोकळी आहे हेही पाहावे.

कूलंटमध्ये ज्वलनवायू

वरील सर्व ठीक असूनही गाडी तापत असेल, किंवा राखीव टाकीतील पातळी दर फेरीनंतर वाढून थंड झाल्यावर परत खाली जात नसेल, तर आतील कूलंट सीलचा संशय घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीच्या नळ्या सकाळीही दाबाने ताठ असणे, सकाळी इंजिन अडखळत चालू होऊन गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, ही इतर लक्षणे. नक्की करण्यासाठी भरण्याच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर (कूलंटमधील ज्वलनवायू ओळखणारे उपकरण) धरावा; त्यातील निळा द्रव ज्वलनवायू लागताच पिवळा होतो. टेस्टमध्ये द्रव निळाच राहिला, तरी इंजिन तापवून आणि थोडा बूस्ट देऊन आल्यावर ती एकदा पुन्हा करावी, कारण सुरुवातीची गळती फक्त दाबाखाली होते. द्रव पिवळा झाला तर गळती थांबवणारी रसायने टाकू नयेत. ती रेडिएटर, हीटर आणि टर्बोच्या बारीक वाटा बुजवतात. गाडी चालवणे तिथेच थांबवून इंजिन उतरवावे. लोखंडी प्लेटींमधील सीलच्या खाचांच्या भिंती गंजाने खाल्ल्या आहेत का आणि हौसिंग वाकली आहेत का हे मोजूनच नवी सील घालावीत, आणि इंजिन परत बसवण्याआधी ते ज्या कारणाने तापले ते कारण दूर झाल्याची खात्री करून घ्यावी.