बोडीला जायचंय? मग गाडी काढायच्या आधी एवढं बघून घ्या

कॅलिफोर्नियातल्या बे एरियातले आपले कितीतरी लोक उन्हाळ्यात योसेमिटी नॅशनल पार्कला जातात, टायोगा पासच्या घाटावरून पलीकडे ली व्हायनिंग गावात उतरतात, मोनो लेकचे फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात, आणि तासाभरावर बोडी हे सोन्याच्या खाणींचं ओसाड पडलेलं जुनं गाव आहे हे त्यांच्या गावीही नसतं. १८५९ मध्ये ज्या बोडी नावाच्या माणसाला इथे सोनं लागलं तो त्याच हिवाळ्यात बर्फाच्या वादळात गेला, खरी भरभराट झाली ती १८७७ नंतर, हजारो लोक, दारूचे गुत्ते, चायनाटाउन सगळं आलं आणि थोड्याच वर्षांत ओसरलंसुद्धा. पुढे १८९२ आणि १९३२ च्या आगींत बरंच गाव जळालं, उरलेलं १९६२ पासून स्टेट पार्क आहे.

पहिलं म्हणजे तारीख. बर्फ पडलं की गाडीरस्ता बंद होतो आणि टायोगा पास तर बहुतेक नोव्हेंबर ते मे-जून बंदच असतो, त्यामुळे जून-शेवट ते सप्टेंबर हाच आपल्यासाठी सरळ काळ, तरी निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या साइटवर रस्ता चालू आहे का ते बघाच. हायवे ३९५ सोडला की १३ मैल, त्यातले शेवटचे तीन कच्चे आणि खडबडीत, साधी सेडान हळूहळू जाते पण स्पेअर टायरमध्ये हवा आहे ना ते घरीच तपासा. पेट्रोल ब्रिजपोर्ट किंवा ली व्हायनिंगला भरा, वर पंप नाही, हॉटेल नाही, खायला काही मिळत नाही आणि फोनला रेंज नाही, म्हणून मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करा आणि तिकिटासाठी थोडी कॅश ठेवा. पोळीभाजीचे रोल, फळं आणि माणशी दोन-तीन लिटर पाणी घेतलं की दिवस निभतो.

गाव ८,३७५ फुटांवर आहे हे लोक हलक्यात घेतात. बे एरियातून एका दमात वर गेलात तर डोकं दुखतं, मुलं किरकिरी होतात, म्हणून आदली रात्र ली व्हायनिंगला काढा, आणि आजीआजोबा सोबत असतील किंवा कोणाला हार्टचा, बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे टोपी आणि सनस्क्रीन हवंच, पण जॅकेटही हवं कारण जुलैतसुद्धा तिथे रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो आणि सकाळी वारा बोचतो. बूट बंद आणि जाड तळाचे घाला, जमिनीवर गंजके खिळे आणि काचा आहेत, फ्लोटर्स नकोत.

आता ज्याच्यासाठी जायचं ते. बहुतेक घरांना कुलूप आहे, बघायचं ते खिडकीतून, आणि काचेवर ऊन चमकलं की आतलं काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून एक छोटा टॉर्च आणि काळी ओढणी किंवा स्कार्फ घ्या, ओढणी डोक्यावरून घेऊन काचेजवळ धरायची, काचेवर टेकायचं मात्र नाही. मग बून स्टोअरच्या फळ्यांवर रांगेने ठेवलेले डबे-बाटल्या दिसतात, शाळेत बाकं आणि पृथ्वीचा गोल, हॉटेलात पूल टेबल, सगळ्यावर धुळीचा थर. ही धूळ कोणी पुसत नाही आणि ते मला फार योग्य वाटतं, पार्कवाले छप्पर, काचा, पाया सांभाळतात, घर पडू देत नाहीत पण नवंही करत नाहीत. स्वेझी हॉटेल एका बाजूला कललंय, त्याला लाकडी टेकू लावून तसंच उभं ठेवलंय.

म्हणून मुलांना गाडीतच नीट सांगा की इथलं काहीही उचलायचं नाही, गंजका खिळा नाही, काचेचा तुकडा नाही, खडासुद्धा नाही. तो गुन्हा आहेच, पण तो खिळा जिथे पडलाय तिथेच त्याला काही अर्थ आहे, आपल्या घरी ड्रॉवरमध्ये तो नुसता खिळा. नेणाऱ्यावर शाप येतो अशी तिथली गोष्ट प्रसिद्ध आहे आणि लोक खरंच माफीच्या चिठ्ठ्यांसह वस्तू पोस्टाने परत पाठवतात, पण मुलांना शापाची भीती घालण्यापेक्षा कारण सांगितलेलं बरं. ड्रोन आणि मेटल डिटेक्टर घरी ठेवा, दोन्हीला बंदी आहे.

वेळ किमान चार तास धरा आणि पोचल्या पोचल्या म्युझियममध्ये स्टँडर्ड मिल या जुन्या कारखान्याची टूर आहे का विचारा, उन्हाळ्यात असते, गाइडशिवाय त्या भागात जाता येत नाही आणि जाऊही नका, टेकडीवर जुन्या खाणी आहेत. मिलमध्ये दगड कुटून पाऱ्याने सोनं कसं वेगळं करायचे ते कळतं, आणि १८९० च्या दशकात १३ मैलांवरून तारांनी वीज आणून ही मिल चालवली होती, आपल्यातल्या इंजिनिअर लोकांनी तर हे चुकवूच नये. स्मशानभूमीसाठी अर्धा तास वेगळा ठेवा, चढ आहे. निघायचं मात्र उजेड असताना, पार्क संध्याकाळी बंद होतं आणि कच्च्या रस्त्यावर अंधारात गुरं आडवी येऊ शकतात.