चिपमधले बुडबुडे असे घालवले

ब्रेस्ट कॅन्सरच्या एमडीए-एमबी-२३१ पेशी (प्रयोगशाळेत वाढवतात तो एक प्रकार) चिपमधल्या ५ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढ्या चॅनलमधून कशा घुसतात ते बघायचं होतं, पण दर वेळी चॅनलच्या तोंडाशीच बुडबुडा अडकायचा नि पेशी बाहेरच ताटकळत बसायच्या, दोन आठवडे असेच गेले. चिप ज्याची असते ते पीडीएमएस हे सिलिकोन रबर मुळात पाण्याला जवळ करत नाही, प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) दिला की करतं पण तो गुण फार टिकत नाही. म्हणून बाँडिंग (चिपचे थर चिकटवणं) झाल्या झाल्या लगेच बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) भरला, चिप बफरमध्येच बुडवून २० मिनिटं हवा काढून घेतलेल्या भांड्यात (व्हॅक्युम डेसिकेटर) ठेवली, मगच पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या कोलॅजन प्रथिनाचं कोटिंग. बुडबुडे गायब!! रात्री टाइमलॅप्स लावला, सकाळी बघते तर पेशीचं पुढचं टोक आत शिरलेलं आणि मागे न्यूक्लियस (पेशीचं केंद्रक) दाबून दाबून शेंगेसारखा लांबलेला. खरी अडचण त्या न्यूक्लियसचीच, बाकी पेशी कशीही वाकते.