प्रुसिक गाठ: वेढे नीट बसले तरच धरते

दोरावर धरणारी एकच गाठ शिकायची असेल, तर प्रुसिक शिका. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती १९३१ साली मांडली. भार नसला की ती दोरावर सरकते, भार आला की आवळून बसते आणि वर-खाली दोन्हीकडे धरते.

मुख्य दोर १० ते ११ मिमीचा असेल तर ६ मिमीची नायलॉन कॉर्ड, म्हणजे बारीक दोरी, घ्या. जाडी दोराच्या जवळपास असली की गाठ धरतच नाही. कॉर्ड चिमटीत दुमडून पाहा: सहज मुडपली तर ठीक, ताठ कमान उभी राहिली तर ती बाजूला ठेवा. डायनीमा हा कृत्रिम धागा नको. ते गुळगुळीत असते आणि १४५ अंशांच्या आसपास वितळते. नायलॉनला त्यासाठी २०० अंशांच्या वर जावे लागते. कॉर्डची टोके दुहेरी फिशरमन या जोडगाठीने जोडून बंद फास करा आणि शेपट्या, म्हणजे गाठीबाहेरची मोकळी टोके, किमान ६ सेंमी सोडा.

फास दोरामागे आडवा धरा. जोडगाठीकडची बाजू दुसऱ्या बाजूच्या फासातून ओवा. असे तीनदा, प्रत्येक नवा वेढा आधीच्याच्या आत.

खरी मेख पुढे आहे. मलाही हीच पायरी सगळ्यांत उशिरा जमली. ‘ओढली की आपोआप बसते’ असे छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतील. त्यांचे ऐकू नका. ओढली की ती आवळते, बसत नाही. एक वेढा दुसऱ्यावर चढलेला असेल तर तो तसाच आवळला जातो. मग गाठ घसरते, नाहीतर अशी जाम होते की सुटता सुटत नाही.

म्हणून ओढण्याआधी, गाठ सैल असतानाच वेढे नखाने एकेक करून शेजारी लावा. वर तीन, खाली तीन, एकही तिरका नको. त्यांच्यावरून जाणारा आडवा पट्टा समोर सरळ यायला हवा आणि फासाच्या दोन्ही तारा, म्हणजे कॉर्डचे दोन पदर, त्याच्या खालून, बरोबर मधून बाहेर पडायला हव्यात. जोडगाठ वेढ्यांत किंवा कॅराबिनरवर (फास अडकवायच्या धातूच्या कडीवर) येत असेल तर कॉर्ड सरकवून ती मधल्या भागात आणा. हे झाले की दोन्ही तारा एकदम, सारख्या ताणाने ओढा. एकच तार ओढली की सगळी मांडणी बिघडते.

दुसरा आधार लावलेला असतानाच पूर्ण वजन टाकून पाहा. दोर ओला किंवा चिखलाने माखलेला असेल आणि गाठ घसरत असेल तर चौथा वेढा घ्या. ‘दोन वेढे पुरतात’ हा सल्ला कानाआड करा.

सरकवताना आधी वजन काढा, आडवा पट्टा अंगठ्याने मागे ढकला, मग गाठ हलवा. भार असताना तिच्यावर मूठ आवळायची नाही. घाबरलेला माणूस नेमके हेच करतो आणि गाठ त्याच्यासकट खाली घसरत जाते. उंचावरून पडणारा झटका झेलायलाही ती वापरू नका. ते तिचे काम नाही.

कॉर्ड एकदा जोरात घसरली असेल तर तिच्यावरून बोट फिरवा. चकचकीत, कडक डाग लागला तर नायलॉन वितळले आहे. कॉर्ड तिथल्या तिथे कापून टाका, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या तरी हार्नेसवर (कमरेला बांधायच्या सुरक्षा पट्ट्यावर) जाईल.