फॉर्म्युला वनची शर्यत आकड्यांवरून कशी वाचायची

तिसऱ्या क्रमांकावरची गाडी पुढच्या दोघांना ट्रॅकवर न ओलांडताच पहिली कशी झाली, हा प्रश्न फॉर्म्युला वन नव्याने पाहणाऱ्याला हमखास पडतो. त्याचं उत्तर पडद्याच्या डाव्या बाजूला, नावांच्या पट्टीत असतं. तिथले क्रमांक सोडा, सेकंदांतलं अंतर बघा. हे अंतर आणि पिट स्टॉपमध्ये, म्हणजे टायर बदलायला थांबण्यात, जाणारा वेळ, हे दोन आकडे हाताशी असले की पुढच्या दहा लॅपमध्ये (ट्रॅकच्या फेऱ्यांत) काय घडू शकतं याचा अंदाज समालोचकाच्या आधी बांधता येतो.

त्यासाठी तीन गोष्टी लागतात: शर्यतीचं प्रक्षेपण (भारतात २०२४ पासून फॅनकोडवर), फोनवर फॉर्म्युला वनच्या अधिकृत अ‍ॅपमधलं लाइव्ह टायमिंग, आणि वही-पेन. वही हवीच. अंतर दर लॅपला बदलतं आणि पाच लॅपपूर्वी किती होतं ते कुणाच्याही लक्षात राहत नाही. चित्र आणि टायमिंग यांच्यात बऱ्याचदा काही सेकंदांचा फरक असतो, पण हिशेबाला त्याने बाधा येत नाही.

शर्यतीआधी: टायरची शिल्लक

नेहमीच्या वीकेंडला प्रत्येक ड्रायव्हरला कोरड्या ट्रॅकसाठी टायरचे १३ संच मिळतात: २ हार्ड, ३ मीडियम, ८ सॉफ्ट. हार्डवर पांढरी पट्टी, मीडियमवर पिवळी, सॉफ्टवर लाल. शर्यत कोरडी असेल तर किमान दोन वेगळे प्रकार वापरावेच लागतात, म्हणजे निदान एक स्टॉप सक्तीचा.

रंगावर मात्र फार विसंबू नका. टायर पुरवणारी पिरेली आपल्या कंपाउंडांमधून (रबराच्या प्रकारांतून; सी१ सर्वांत कडक, आकडा वाढेल तसं मऊ) दर शर्यतीसाठी तीन निवडते आणि त्या तिघांना हे रंग देते. २०२४ मध्ये सिल्व्हरस्टोनला सी१, सी२, सी३ होते आणि मोनॅकोला सी३, सी४, सी५. तेच सी३ रबर एका ठिकाणी लाल पट्टीचं आणि दुसऱ्या ठिकाणी पांढऱ्या पट्टीचं. ‘मागच्या वेळी हार्ड चाळीस लॅप टिकला होता’ हा अंदाज इथे फसतो.

शुक्रवार-शनिवारच्या सरावात एकच नोंद करा: कुणी हार्डचा संच वापरून टाकला आणि कुणी दोन्ही राखून ठेवले. दोन कोरे हार्ड राखलेली टीम रविवारी दोन स्टॉपची वाट मोकळी ठेवते आहे असं समजायला हरकत नाही.

पिट स्टॉपची खरी किंमत

मेकॅनिक चार चाकं दोन-अडीच सेकंदांत बदलतात. विक्रम मॅक्लारेनचा आहे, २०२३ च्या कतारमधला, १.८० सेकंदांचा. पण तो झाला गाडी उभी असतानाचा वेळ. खरा तोटा पिट लेनमधून, म्हणजे टीमच्या गॅरेजांसमोरच्या रस्त्यावरून, हळू जाण्याचा असतो. तिथे वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ८० किमी, मोनॅकोसारख्या अरुंद जागी ६०. एकूण नुकसान साधारण २० ते २५ सेकंद, आणि ते दर ट्रॅकवर वेगळं. पहिल्या स्टॉपनंतर लगेच ते स्वतः काढा:

१. अ आणि ब अशा दोन गाड्या निवडा. अ आता पिटमध्ये जाणार, ब ट्रॅकवरच राहणार.
२. अ आत वळण्याच्या आधीच्या लॅपअखेरचं अंतर लिहा. समजा अ ४.२ सेकंदांनी पुढे आहे.
३. अ बाहेर येऊन तिने पूर्ण लॅप संपवली की पुन्हा अंतर लिहा. समजा आता ब १७.६ सेकंदांनी पुढे आहे.
४. बेरीज करा: २१.८ सेकंद. ही त्या दिवशीची पिटची किंमत.

स्टॉप रेंगाळला असेल, समजा चार सेकंद लागले असतील, तर दीड सेकंद वजा करा. त्या एका लॅपमध्ये नव्या टायरचा थोडा फायदाही मिसळलेला असतो, तेवढी चूक चालते. शक्य असेल तर दोन गाड्यांवरून हा आकडा पडताळून घ्या.

आता तो वापरायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीत २५ सेकंदांचं अंतर असेल आणि किंमत २१.८ असेल, तर दुसऱ्या गाडीला स्टॉप फुकट आहे. जागा जात नाही आणि नवे टायर मिळतात.

२०१९ ची हंगेरीची शर्यत याचा सगळ्यात स्वच्छ नमुना आहे. ७० लॅपची शर्यत, रेड बुलचा वर्स्टापेन पुढे, मर्सिडीजचा हॅमिल्टन मागे, आणि तिथल्या हंगारोरिंग ट्रॅकवर ओलांडणं महाकठीण. हॅमिल्टनच्या मागे फेरारी इतक्या दूर होत्या की त्याला दुसरा स्टॉप फुकट होता. मर्सिडीजने ४८ व्या लॅपला त्याला आत बोलावून मीडियम चढवले. तो सुमारे २० सेकंदांनी मागे पडला, उरल्या २२ लॅप. म्हणजे दर लॅपला सेकंदाच्या आसपास भरून काढायचं होतं. वर्स्टापेन पुढच्या लॅपला आत गेला असता तर तापलेल्या नव्या टायरवरचा हॅमिल्टन तोवर पुढे निघाला असता, म्हणून रेड बुलने त्याला बाहेरच ठेवलं. त्याचे हार्ड संपले आणि ६७ व्या लॅपला आघाडी गेली. ज्याने अंतर आणि पिटची किंमत लिहून ठेवली होती, त्याला मर्सिडीजची चाल ४८ व्या लॅपच्या आधीच दिसत होती.

अंडरकट कधी चालतो, कधी फसतो

मागच्या गाडीने आधी पिट करून, नव्या टायरच्या जोरावर पुढच्या गाडीच्या स्टॉपनंतर तिच्या पुढे निघणं म्हणजे अंडरकट. हिशेब साधा आहे. ब ही अ च्या १.८ सेकंद मागे आहे. ब आत गेली. जुने टायर चांगलेच झिजले असतील तर नव्यावर पहिल्या लॅपला दीड ते दोन सेकंदांचा फायदा होतो. अ पुढच्याच लॅपला आत आली तरी दोघी शेजारी-शेजारी निघतात, आणि मग स्टॉपमधले दोन-तीन दशांश सेकंद निकाल ठरवतात. अ आणखी एक लॅप बाहेर राहिली, तर खेळ संपला.

फसण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, टायर झिजतच नसतील तर नव्याचा फायदा नगण्य. दुसरं, थंड हवेत किंवा हार्डवर टायर तापायला एक-दोन लॅप लागतात आणि तेवढ्यात उलटा तोटा होतो. अशा वेळी बाहेर राहणाराच जिंकतो, त्याला ओव्हरकट म्हणतात. तिसरं आणि सर्वांत जास्त वेळा घडणारं, म्हणजे गाडी गर्दीत बाहेर येणं. ब आत वळायच्या आधी पट्टीवर खाली पाहा. तिच्या मागे तिच्या पिट-किमतीएवढ्या अंतरावर कुणी संथ गाडी आहे का? असेल तर अंडरकट तिथेच मेला.

एकाच टीमच्या दोन गाड्या असल्या की यात राजकारण शिरतं. २०२४ च्या हंगेरीत पियास्त्री पुढे होता, तरी मॅक्लारेनने मागच्या नॉरिसला ४५ व्या लॅपला आधी बोलावलं आणि पियास्त्रीला ४७ व्या. नॉरिस अर्थातच पुढे निघाला. मग जागा परत दे म्हणून रेडिओवर त्याची मनधरणी चालली आणि ६८ व्या लॅपला त्याने ती दिली. टीमने आधी कुणाला बोलावलं ही नोंद म्हणूनच महत्त्वाची. पुढच्या गाडीला आधी बोलावण्याचा रिवाज आहे, तो मोडला तर मागे कारण असतं.

टायर संपलाय हे कसं ओळखायचं

एक ड्रायव्हर निवडा आणि त्याची प्रत्येक लॅपची वेळ एकाखाली एक लिहा. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो तो इंधनामुळे. २०१० पासून शर्यतीत इंधन भरायला बंदी आहे, म्हणून गाडी दर लॅपला हलकी होत जाते. २०२५ पर्यंतच्या गाड्यांत जास्तीत जास्त ११० किलो इंधन असायचं, आणि १० किलोमागे लॅपला अंदाजे ०.३ सेकंद धरले जायचे. ७० लॅपच्या शर्यतीत दर लॅपला दीड किलोच्या वर जळतं, म्हणजे टायर अजिबात झिजले नाहीत तर वेळ दर लॅपला सुमारे ०.०५ सेकंदांनी सुधारायला हवी. वेळ जागच्या जागी असेल, तर टायर तेवढेच झिजत आहेत. २०२६ च्या नव्या गाड्यांत निम्म्याच्या आसपास ताकद विजेची आहे आणि इंधन कमी लागतं, त्यामुळे हा आकडा आणखी लहान धरा.

गर्दी नाही, पिवळा झेंडा (धोक्याचा इशारा) नाही, आणि तरी सलग दोन लॅप अर्ध्या सेकंदाने मंदावल्या, तर टायर कड्यावरून घसरला असं समजा. अपवाद एकच, ग्रेनिंगचा. रबराचे बारीक कण सुटून पृष्ठभागावरच चिकटतात, पकड जाते, वेळ खराब होते. पण काही लॅपनंतर ते घासून निघतात आणि वेळ परत सुधारते. घाईने आत आलेला इथे पस्तावतो. २०२४ च्या मोंझाला मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या दोनदा थांबल्या, फेरारीच्या लक्लेअरने १५ व्या लॅपला चढवलेले हार्ड ५३ व्या लॅपपर्यंत नेले आणि पियास्त्रीच्या तीन सेकंदांहून कमी पुढे राहून जिंकला. शेवटच्या दहा लॅपमध्ये तिथे एकच भागाकार करायचा होता: अंतर भागिले उरलेल्या लॅप.

सेफ्टी कार आली की

अपघातानंतर सेफ्टी कार पुढे येते आणि तिच्या मागे सगळे हळू चालतात, त्यामुळे पिटची किंमत जवळजवळ निम्म्यावर येते. पाच सेकंदांत दोन प्रश्न विचारा. अजून कोण थांबलेलं नाही? आणि कोण आत्ताच थांबून आलं? पहिल्याची चांदी, दुसऱ्याचं नुकसान. पुढच्या गाडीची गोची वेगळीच असते: ती आत गेली तर मागची बाहेर राहून जागा घेते, बाहेर राहिली तर मागची नवे टायर घेते. २०२१ च्या अबू धाबीत ५३ व्या लॅपला लतीफी धडकल्यावर नेमकं हेच झालं. हॅमिल्टन १४ व्या लॅपपासूनच्या हार्डवर राहिला, वर्स्टापेनने सॉफ्ट घेतले. पुढचा वाद टायरचा नव्हता. लॅपने मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त हॅमिल्टन आणि वर्स्टापेन यांच्या मधल्या पाचच पुढे सोडून शेवटच्या लॅपसाठी शर्यत सुरू केली गेली, आणि रेस डायरेक्टर (शर्यतीचं नियंत्रण करणारा अधिकारी) मायकेल मासीला ते पद गमवावं लागलं.

दोन्ही गाड्या एकाच लॅपला आत घेतल्या तर दुसरीला थांबावं लागतं आणि घोळ व्हायला वाव राहतो. २०२० च्या साखीरमध्ये मर्सिडीजच्या रेडिओत बिघाड झाला आणि रसेलच्या गाडीला बोटासचे पुढचे टायर लागले. आघाडीवर असलेल्या रसेलला पुन्हा आत यावं लागलं.

झेंडा पडल्यावर उठू नका

पाच आणि दहा सेकंदांचे दंड आधीच वजा करून ठेवा. दंड असलेली गाडी स्टॉपला आली तर तेवढा वेळ मेकॅनिक तिला हातही लावू शकत नाहीत. स्टॉप उरला नसेल तर तो शेवटच्या वेळेत मिळवला जातो. म्हणजे ४ सेकंदांनी जिंकलेला पण ५ सेकंदांचा दंड बाकी असलेला ड्रायव्हर जिंकलेला नसतो.

मग तपासणी. २०२४ च्या बेल्जियममध्ये रसेलने एकाच स्टॉपवर शर्यत जिंकली, पण गाडी किमान ७९८ किलोंऐवजी ७९६.५ भरली आणि विजय हॅमिल्टनकडे गेला. झिजलेल्या टायरमधून किलो-दीड किलो रबर सहज जातं, हे ध्यानात ठेवा. गाडीखाली बसवलेल्या तळाच्या फळीची किमान जाडी ९ मिलिमीटर राहावी लागते. २०२५ च्या लास वेगासमध्ये मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या यातच बाद झाल्या. टीमला तक्रार करायची असेल तर तात्पुरता निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटं असतात. स्टुअर्डांचे (शर्यतीच्या पंचांचे) निर्णय एफआयए या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर कागदपत्र म्हणून येतात. ते मूळातच वाचा, त्यात कलम आणि कारण दोन्ही असतात.

दहाव्या क्रमांकाची भांडणं

पहिल्या दहा जणांनाच गुण: २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. शेवटच्या त्या एका गुणासाठी जीव टाकणाऱ्या टीमचा हिशेब पैशाचा असतो, कारण बक्षिसाची रक्कम टीमच्या क्रमवारीवर ठरते. वर गेलं की एक किंमतही मोजावी लागते. विजेत्या टीमला विंड टनेलच्या (गाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहाची चाचणी घेण्याच्या बोगद्याच्या) मूळ कोट्याच्या ७० टक्के वेळ मिळतो, पुढच्या प्रत्येक स्थानाला ५ टक्के वाढत जाऊन दहाव्याला ११५. शिवाय वर्षाच्या मध्याला त्या वेळच्या क्रमवारीनुसार हा कोटा पुन्हा ठरतो.

खर्चालाही मर्यादा आहे, २०२१ पासून. त्या वर्षी ती १४.५ कोटी डॉलर होती. ड्रायव्हरांचे पगार, सर्वाधिक पगाराची तीन माणसं आणि मार्केटिंग त्यात धरत नाहीत. रेड बुलने ती ओलांडली तेव्हा ७० लाख डॉलर दंड झाला आणि एरोडायनॅमिक चाचण्यांचा कोटा १० टक्के कापला गेला. अशा बातमीत दंडाच्या रकमेपेक्षा चाचण्यांचा आकडा पाहा, गाडीच्या वेगावर परिणाम त्याचा होतो.

भारतात शर्यत परत येणार अशी बातमी वाचतानाही हीच सवय ठेवा. ग्रेटर नॉइडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तिन्ही वेटेलने जिंकल्या, आणि ट्रॅकबद्दल कुणाची तक्रार नव्हती. घोडं अडलं करांपाशी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ते सर्किट हे फॉर्म्युला वनच्या कंपनीचं भारतातलं कायमस्वरूपी आस्थापन होतं, म्हणजे इथल्या कमाईवर इथे कर. त्यामुळे बातमीत तीन गोष्टी शोधा: आयोजक कोण, यजमानपदाचं शुल्क कोण भरणार, आणि कर व कस्टम्सबद्दल सरकारने लेखी काय दिलं आहे. तिन्हींची नावं-आकडे नसतील तर ती बातमी अजून पिट लेनमध्येही आलेली नाही.