ब्ल्यूजसाठी हार्मोनिका: कस्टम घ्यावी की कारखान्याची?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या दुकानात माउथ ऑर्गन (म्हणजेच हार्मोनिका) मागितला, तर बहुतेक वेळा 24 घरांचा लांबट ट्रेमोलो बाजा समोर येतो. सिनेमाच्या गाण्यांसाठी तो उत्तम आहे, पण ब्ल्यूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारासाठी निरुपयोगी आहे. कारण त्यात प्रत्येक रीडला, म्हणजे श्वासाने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पात्याला, स्वतंत्र कप्पा असल्यामुळे मींडेप्रमाणे स्वर खाली ओढता येत नाही, आणि ब्ल्यूजचा सगळा जीव त्या ओढण्यात आहे. म्हणून येथील तुलना 10 घरांच्या डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीच्या शुद्ध स्वरांत बांधलेल्या, हार्मोनिकेपुरतीच आहे.

होनर कंपनीची 1896 पासून चालत आलेली मरीन बँड, तिचीच प्लॅस्टिकच्या सांगाड्याची (घरे पाडलेल्या मधल्या भागाची) स्पेशल 20, किंवा सायडल आणि सुझुकी यांची त्या तोडीची मॉडेले ही कारखान्याची हार्मोनिका होय. कस्टम हार्मोनिका बहुधा यांपैकीच एखादी घेऊन तयार केलेली असते. अमेरिकेतील जो फिलिस्को यांच्यासारखे कारागीर सांगाडा घासून सपाट करतात, रीड ज्या खाचेत हलते तिच्या कडा दाबून फट अरुंद करतात, प्रत्येक रीडचा बाक ठरवतात आणि मग सूर लावतात. रीड्स मात्र पुष्कळदा कारखान्याच्याच, म्हणजे पितळेच्या असतात. त्यामुळे कित्येक पट किंमत मोजली म्हणून रीड थकणार नाही, असे समजू नये.

तुलना करताना दोन्ही हार्मोनिका एकाच पट्टीच्या असाव्यात. पांढरी पाचची (G) हार्मोनिका खालच्या सुरांची असल्याने तिच्या रीड्स जात्याच संथ असतात. तिच्याशी पांढरी एकची (C) तुलना केली तर निकाल पट्टीचा लागतो, कारागिरीचा नाही. दोन्ही वाद्ये थोडा वेळ हातात धरून कोमट करावीत. दुकानदार हार्मोनिका तोंडाला लावू देत नाही आणि ते रास्तच आहे, त्यामुळे कस्टम हार्मोनिका बाळगणारा एखादा वादक ओळखीत असल्यास त्याच्याकडे, वाद्य नीट पुसून, ही परीक्षा करावी.

आपल्याकडे सरगम घराघरांत असल्याने परीक्षा सरगमेतच मांडतो. ब्ल्यूजमध्ये पांढरी एकच्या हार्मोनिकेवर सा धरला जातो तो पांढरी पाचला, म्हणजे दुसऱ्या घरात श्वास आत ओढल्यावर येणाऱ्या स्वराला. तिसऱ्या घरात श्वास ओढला की शुद्ध गंधार येतो. तो अर्धा स्वर खाली वाकवला की कोमल गंधार, आणि ब्ल्यूजचा खरा गंधार या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. मोबाइलवरील तानपुरा पांढरी पाचला लावून हा गंधार चार-पाच सेकंद एका जागी स्थिर ठेवून पाहावा. याच घरातून स्वर आणखी खाली, कोमल ऋषभापर्यंत, पायरीपायरीने नेता यावा. माझ्या मते ब्ल्यूजसाठी याहून मोठी कसोटी नाही. जे वाद्य येथे निसटते, त्याची बाकीची चमक व्यर्थ आहे.

त्यानंतर दोन टोके तपासावीत. दुसऱ्या घरात अगदी हलका श्वास ओढून रीड किती लवकर जागी होते ते पाहावे, आणि लगेच तेथेच जोराचा झटका देऊन ती गुदमरते का ते ऐकावे. ज्या कस्टम वाद्याच्या रीड्स खाचेला फार जवळ ठेवलेल्या असतात, ते फुंकरीला तत्काळ बोलते, पण जोरकस वादकाच्या हाती अडकते. सप्तक तपासण्यासाठी जिभेने दुसरे-तिसरे घर झाकून पहिले आणि चौथे एकत्र फुंकावे. लहर ऐकू आली तर सूर हलला आहे.

कस्टम हार्मोनिकेचे पारडे निर्विवाद जड ठरते ते ओव्हरब्लोमध्ये, म्हणजे खास रीतीने फुंकून त्या घरातल्या ओढण्याच्या रीडकडून चढा स्वर काढण्यात. वरच्या सप्तकातला कोमल गंधार साध्या फुंकण्या-ओढण्याने किंवा वाकवण्याने मिळत नाही; सहाव्या घरात ओव्हरब्लो करूनच तो काढावा लागतो, आणि कारखान्यातून आलेल्या बहुतेक वाद्यांवर तो किंचाळतो किंवा येतच नाही. ओव्हरब्लोसाठी ओळखले जाणारे अमेरिकी वादक हॉवर्ड लेव्ही यांच्या धाटणीचे वादन करायचे असेल तर कस्टम हार्मोनिका ही चैन नव्हे. शिकागोचे ब्ल्यूज वादक लिटल वॉल्टर यांच्या वळणाचे वादन करायचे असेल, तर त्यांनी स्वतः कारखान्याचीच मरीन बँड वाजवली, हे ध्यानात ठेवावे. अशा वादकाने तेवढ्या पैशांत पांढरी एक, पांढरी दोन आणि पांढरी सहा अशा तीन पट्ट्यांची साधी वाद्ये घ्यावीत; गिटारवाला पांढरी तीनमध्ये वाजवू लागला की पांढरी सहाचीच हार्मोनिका लागते.

खरेदीपूर्वी पावसाचाही विचार व्हावा. कणकुंबी-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात रंग न दिलेला लाकडी सांगाडा फुगतो आणि त्याचे दात ओठांना घासतात. तेथे प्लॅस्टिकचा किंवा पक्का लेप दिलेला सांगाडाच घ्यावा. अथणीकडच्या कोरड्या हवेत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

साधी हार्मोनिका घेतली तर कस्टमचा बराचसा लाभ घरी मिळवता येतो. वरची झाकणे काढून रीडचे मोकळे टोक आणि रीड जिच्यावर बसवलेली असते ती धातूची पट्टी यांमधली फट पाहावी. ती साधारण टोकाच्या जाडीइतकी असावी. जास्त असेल तर दात कोरण्याच्या लाकडी काडीने रीड हळूच दाबावी, वाजवून पाहावे, पुन्हा दाबावी. तिसऱ्या घराचा स्वर वाकत नसेल तर केवळ ओढण्याच्या रीडकडे पाहून भागत नाही: वाकवताना त्याच घरातली फुंकण्याची रीडही बोलू लागते, म्हणून तिचीही फट बघावी.

सूर लावण्याचे तत्त्व हार्मोनियमसारखेच आहे. रीडच्या टोकाकडे घासले की सूर चढतो, रिव्हेटकडे घासले की उतरतो. हार्मोनियमवादक पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात हे जाणणारे पेटीदुरुस्तीचे कारागीर सापडणे अवघड नाही आणि त्यांच्याकडून हात शिकून घेणे उपयोगाचे आहे. पण हार्मोनिकेची रीड बरीच नाजूक असल्यामुळे पहिला प्रयोग जुन्या, टाकाऊ वाद्यावर करावा, आणि कस्टम वाद्याचा सूर उतरला तर ते बनवणाऱ्याकडेच पाठवावे. म्हणून ते मागवतानाच रीड बदलून मिळेल का आणि कुरिअरचा खर्च कोणाकडे, हे लेखी विचारून घ्यावे.