जुनी शौकाची गाडी ठेवायची की नवी घ्यायची? सोलापूरकरांनी ठरवायचं कसं

होंडा सिटी व्हीटेक, फियाट पॅलिओ १.६, स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. यातली एखादी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना घरचे दर दिवाळीला विचारतात, ‘ही काढणार कधी आणि नवी आणणार कधी?’ परदेशात क्लासिक स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारांच्या, उघड्या टपाच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे गोव्यात बनलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म सोडली तर तसलं फारसं काही बनलंच नाही. त्यामुळे २००० च्या आगेमागे आलेल्या या गाड्याच आपल्या स्पोर्ट्स कार. व्हीटेकची १०६ अश्वशक्ती आणि आरएसच्या १.८ टर्बोची १५० हे आकडे आज कुणाला मोठे वाटत नाहीत. पण हलकी बॉडी, हाताला रस्ता कळवणारं स्टिअरिंग आणि बटणांचा पसारा नसलेला डॅशबोर्ड आता शोरूममध्ये मिळत नाही, म्हणून तर जीव अडकतो.

जीव अडकला म्हणून ठेवली, किंवा घरच्यांना कंटाळून विकली, तर दोन्हीकडे पस्तावायची वेळ येते. त्यापेक्षा पुढच्या क्रमाने जा.

पहिलं: गाडीला काम नेमून द्या

जुनी गाडी आणि नवी गाडी यांची सरळ तुलना करूच नका. आधी कागदावर लिहा की गाडी कशासाठी लागते. मुलांना शाळेत सोडणं, आईवडिलांना दवाखान्यात नेणं, कामासाठी पुण्याची फेरी, रात्री-अपरात्री निघणं. ही सगळी कामं एकाच जुन्या गाडीवर असतील तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही, नवी घ्या. वीस वर्षांची गाडी कितीही चांगली असली तरी कधी तरी एखादा सेन्सर किंवा पेट्रोल पंप दगा देणारच, आणि तो नेमका टेंभुर्णीच्या पुढे देईल.

रोजच्या कामाला दुसरं काही असेल, मग ती वापरलेली वॅगन आर असो की स्कूटर, तर जुनी गाडी ठेवण्याचा विचार गंभीरपणे करता येतो. माझं मत विचाराल तर बहुतेक घरांत खरा पर्याय इथेच आहे: वीस लाखांच्या नव्या गाडीऐवजी एक साधी, स्वस्त, भरवशाची गाडी आणि सोबत जुनी.

दुसरं: गाडीच्या वयाआधी मिस्त्रीचं वय बघा

हा मुद्दा लोक सगळ्यात शेवटी बघतात. तो पहिल्या दोनांत हवा.

जुनी गाडी जगते ती एका माणसाच्या हातावर. तुमच्या गाडीचं इंजिन ज्याने पूर्वी उघडलं आहे, ज्याला आवाजावरून दोष टॅपेटचा की टायमिंगचा हे कळतं, असा माणूस सोलापुरात आहे का? असेल तर त्याच्या हाताखाली शिकणारं पोरगं आहे का? आपल्याकडचे जुने मिस्त्री एकाच गाडीला मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत नावं ठेवतात आणि तरी ती चालू करून देतात. पण ते साठीकडे झुकलेले आहेत आणि त्यांची मुलं वेगळ्या धंद्यात आहेत. असा माणूस नसेल तर प्रत्येक कामाला गाडी पुण्याला न्यावी लागेल. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, शिवाय गाडी तिथे अडकून राहणार. त्या हिशोबात कुठलीच जुनी गाडी परवडत नाही.

मिस्त्रीपाठोपाठ सुटे भाग. लोखंडी कामाची चिंता नको. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारख्या इथल्या कारखान्याचे कॅमशाफ्ट जगभरच्या कंपन्यांच्या इंजिनांत बसतात. अशा गावात लेथ आणि मशीन शॉपवाचून काम अडत नाही. हेड फेस करणं, बोअर करणं, बुश बनवून घेणं, सगळं होतं. अडतं ते रबर, काच आणि इलेक्ट्रॉनिक्सपाशी. दाराची बीडिंग, हेडलाइट, विंडस्क्रीन, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सेन्सर. एक यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कुठे मिळते ते लिहा: कंपनीकडे, पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाडीतून काढलेली, की कुठेच नाही. नाना पेठेतला भाग रात्रीच्या ट्रॅव्हल्सने सकाळी सोलापुरात येतो, तो प्रश्न नाही. ‘कुठेच नाही’ या रकान्यात ईसीएम किंवा विंडस्क्रीन आली, तर मात्र एका बिघाडाने किंवा एका दगडाने गाडी कायमची उभी राहू शकते. असा भाग चांगल्या अवस्थेत मिळाला तर आधीच घेऊन माळ्यावर टाकून ठेवायचा.

तिसरं: गाडी मे महिन्यात तपासा

सोलापूरची हवा जुन्या गाडीला एका बाजूने फार चांगली आणि दुसऱ्या बाजूने वाईट आहे. चांगली अशी की कोरड्या हवेत पत्रा सडत नाही. मुंबई-कोकणातली त्याच सालची गाडी खालून बघा म्हणजे फरक कळेल. त्यामुळे गाडी पहिल्यापासून एमएच-१३ ची असेल तर पत्र्याच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. किनाऱ्यावरून आलेली असेल तर लिफ्टवर चढवा आणि दाराच्या खालच्या कडा, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, जॅक लावायची जागा, फ्लोअर, सगळं तपासा. साधं लोहचुंबक बरोबर ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे आत पुट्टी भरलेली आहे. इंजिनचं काम होऊ शकतं, सडलेल्या चेसिसचं होत नाही. तिथे निर्णय तिथेच संपला.

वाईट बाजू उन्हाची. पारा ४२-४३ वर असताना दुपारी एसी लावून सात रस्त्याच्या सिग्नलला थांबत-थांबत फिरा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. काटा मधेच स्थिर राहिला तर उत्तम. वर सरकू लागला तर रेडिएटर, फॅन, वॉटर पंप क्रमाने बघायचे. आपल्याकडे काही गॅरेजवाले गाडी तापते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकतात. त्याने दोष झाकला जातो, बरा होत नाही, आणि हिवाळ्यात इंजिन थंडच चालतं. तसंच रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. आपल्या भागातल्या जड पाण्याचा थर नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दुसरं काही नको.

मग तुळजापूर. सोलापूरहून जाताना घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये पाय दाबा. आरपीएम वाढतंय आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. मागून निळा धूर आला तर तेल जळतंय, पांढरा सतत येत राहिला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. परत आल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. टायरच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी दिसली तरी दहा वर्षांचा टायर हायवेवर नेऊ नये.

चौथं: कागद

इथे अफवा फार. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा नियम दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता आहे. सोलापुरात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ती १०,००० झाली. परदेशातून आयात केलेल्या वीस वर्षांवरच्या गाडीला ८०,०००. मुदत उलटली की महिन्याला ५०० रुपये दंड चढतो. वर राज्याचा पर्यावरण कर, पीयूसी आणि एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट. भरायच्या आधी सरकारच्या ‘परिवहन’ साइटवर चालू दर बघून घ्या, ते बदलत राहतात.

तपासणीत चेसिस आणि इंजिनचा नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, ताडून बघतात. मधल्या मालकाने इंजिन बदलून नोंद केली नसेल तर नूतनीकरण तिथे अडतं. एरवी गाडी कितीही गोड असली तरी हे आधी मिटवा.

‘व्हिंटेज करून टाकू’ असंही कुणीतरी सुचवतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नोंदणीचे २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. २००२ च्या पॅलिओला अजून बराच वेळ आहे.

पाचवं: पेट्रोल

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, आणि उसातून निघणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. शेतकऱ्याला त्यातून पैसे मिळतात हे बरंच आहे, पण २००० सालच्या गाडीचे रबरी होज आणि सील या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज आणि पंपात घाण. ठेवायचं ठरलं तर पेट्रोल लाइनचे होज, ओ-रिंग आणि फिल्टर इथेनॉल सोसणारे बसवून घ्या, आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर पळवा. जागेवर दहा मिनिटं चालू ठेवण्याचा उपयोग नाही.

सहावं: हिशोब

समजा, नवी पेट्रोल गाडी एक्स-शोरूम १२ लाखांची आहे. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे सुमारे १ लाख ४४ हजार. विमा कंपन्यांच्या ठरलेल्या तक्त्यानुसार गाडीची किंमत पाच वर्षांत निम्मी धरली जाते, म्हणजे ६ लाख गेले. दोन्ही मिळून पाच वर्षांत साडेसात लाखांच्या जवळपास, वर्षाला दीड लाख. यात कर्जाचं व्याज, विमा, सर्व्हिसिंग धरलेलं नाही.

आता जुन्या गाडीची गेल्या काही वर्षांची बिलं काढा. वर्षाची सरासरी या दीड लाखाच्या खाली असेल तर केवळ पैशासाठी नवी घेण्यात अर्थ नाही, कारण जुनीची किंमत पडायची तेवढी पडून झाली आहे. फक्त हा खर्च हप्त्यासारखा येत नाही, एकदम येतो. म्हणून त्यातला अर्धा तरी बाजूला टाकता येतो का ते बघा. विम्यात पाच वर्षांनंतर गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. फोटो आणि बिलं दाखवून ती वाढवून मागा, नाही तर अपघातानंतर भंगाराचा भाव हातात येईल.

नवीच्या बाजूने एक गोष्ट पैशात मांडता येत नाही. एबीएस आणि एअरबॅग आपल्याकडे २०१९ पासून सक्तीच्या होत गेल्या. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत त्या नाहीतच. लहान मूल मागे बसवून रोज पुणे-हैदराबाद हायवेवर जाणार असाल तर माझ्या मते बाकीचा हिशोब मांडूच नये.

सातवं: नवी चालवून बघा, नीट

सेल्समन होटगी रोडवरून एक चक्कर मारून आणतो, त्यावर जाऊ नका. हायवेची टेस्ट ड्राइव्ह मागा. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर आपली जुनीही चालवा. आय२० एन लाइन किंवा व्हर्टस जीटी चालवून हसू आलं तर जुनीचा मोह अर्धा उतरतो. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांना ४०. एन लाइन पहिल्या गटात बसते, व्हर्टस दुसऱ्या.

विकायचं ठरलं तर

एक्सचेंजला देऊ नका. तिथे व्हीटेक आणि कुठलीही जुनी सेडान एकाच भावाने मोजतात. शौकीन गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत किंवा बंगळूरला बसलंय. त्याला बिलांची फाइल, खालून काढलेले फोटो आणि थंड इंजिन चालू करतानाचा व्हिडिओ पाठवा. चेसिस सडलेली असेल तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात देऊन ठेव प्रमाणपत्र (गाडी भंगारात दिल्याचा दाखला) घ्या, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

व्यवहार झाला की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. परिवहनवर नवं नाव दिसेपर्यंत थोडी रक्कम अडवून ठेवायची बोली आधीच करा, आणि गाडी दारातून हलण्याआधी फास्टॅग बंद करा.